आटलेल्या तळ्यांतील नाणी आणि बटणे

वैशाख सरत आला की दख्खनच्या पठारावरील तळी तळाला जातात. पाणी मागे हटते, काठचा चिखल वाळून त्याला भेगा पडतात आणि एरवी आठ-दहा महिने पाण्याखाली असलेली जमीन काही आठवडे उघडी पडते. घाटाच्या खालच्या पायऱ्या, बुडालेले दगड, फुटकी मडकी दिसू लागतात आणि त्यांच्याबरोबर कधी हिरवट झालेले एखादे तांब्याचे नाणे किंवा गंजलेल्या कडीचे पितळी बटणही हाती लागते. धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर, घेऊन अशा जागा धुंडाळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत रुजला आहे. भारतात त्याचा प्रसार मर्यादित असला तरी आटलेल्या पाण्यात जुनी नाणी शोधण्याचे आकर्षण येथे नवे नाही. धारवाडच्या मळमड्डी परिसराच्या निमित्ताने या विषयाचे तंत्र, त्यामागचा इतिहास आणि कायदा यांचा हा परिचय.

झारेकरी आणि जलगार

यंत्र नव्हते तेव्हाही माती चाळून धातू काढणारे लोक होते. महाराष्ट्रात सराफी पेठेतील केर, राख आणि गटारांतील माती धुऊन सोन्याचांदीचे कण वेचणाऱ्यांना झारेकरी म्हणत. धारवाड भागात हेच काम ओढ्यांत चाले. जुन्या धारवाड जिल्ह्यातील, आता गदग जिल्ह्यात असलेल्या कप्पत डोंगररांगेतून उतरणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे बारीक कण मिळतात. मोठा पाऊस होऊन गेल्यावर ही वाळू लाकडी पात्रात धुणाऱ्या जलगारांची नोंद १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या धारवाड गॅझेटियरमध्ये आहे. नदीवरील पुलांखाली दोरीला चुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढणारी मुले ही त्याच परंपरेची आजची पिढी होय. त्यांच्या चुंबकाला मात्र अलीकडची पोलादी नाणीच चिकटतात. तांबे, चांदी, पितळ आणि सोने यांना चुंबक ओढत नाही. जुने नाणे शोधायचे तर दुसरे साधन लागते.

यंत्र कसे चालते

धातुशोधकाच्या टोकाला तारेच्या वेटोळ्याची तबकडी असते. तिच्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूवर पडताच त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तबकडीकडे परत येते. या परतीच्या लहरीला लागणारा विलंब धातूगणिक वेगळा असतो. त्यावरून यंत्र लोखंड कोणते आणि तांबे-चांदी कोणती याचा अंदाज बांधते व तो आवाजाच्या चढउतारांतून कळवते.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी या तत्त्वाचे साधन वापरून पाहिले होते. त्याला यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की याने हातात धरून चालवता येणारा सुरुंगशोधक तयार केला आणि युद्धानंतर त्याच घडणीची यंत्रे छांदिष्टांच्या हाती आली.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. रुपयाच्या आकाराचे नाणे साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीवर असेल तोवरच त्याचा नाद ऐकू येतो. जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे असल्याने यंत्र उगाचच वाजत राहते. शिंपल्याची, हाडाची, शिंगाची आणि काचेची बटणे तर त्याला दिसतच नाहीत. ती नुसत्या नजरेने किंवा चाळणीनेच मिळतात.

मळमड्डीची जमीन आणि पाणी

मळमड्डी हा धारवाड शहराचा रेल्वे स्थानकाजवळचा जुना भाग. कन्नडमध्ये मड्डी म्हणजे उंचवट्याची कठीण जमीन. धारवाड शहर दोन प्रकारच्या मातींच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला मलनाडाची तांबडी, जांभ्याची माती, तर पूर्वेला कापसाची काळी माती. पाण्याचीही येथे फाटाफूट होते. सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पुढे बेडती-गंगावळी होऊन अरबी समुद्राला मिळते, तर शहराच्या पलीकडच्या उतारावरचे पाणी मलप्रभेच्या वाटेने कृष्णेत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते.

अशा पाणलोटाच्या माथ्यावर मोठी नदी नसते. म्हणूनच धारवाड आणि हुबळी ही दोन्ही गावे पिढ्यान्‌पिढ्या तळी, विहिरी आणि झरे यांवर जगली. केळगेरी, साधनकेरी आणि नवलूर येथील तळी, तसेच हुबळीकडचे उणकल तळे ही त्या व्यवस्थेची आजही दिसणारी रूपे. मलप्रभेचे पाणी नळाने घरात येऊ लागल्यावर तळ्यांचे महत्त्व कमी झाले. ज्या काठांवर दिवसभर वर्दळ असे ते ओस पडले. मात्र त्या वर्दळीत पाण्यात पडलेल्या वस्तू गाळात तशाच राहिल्या.

नाणी पाण्यात येतात कशी

तळ्यात नाणी येण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला श्रद्धेचा. पाण्याला गंगा मानून पूजताना, लग्नानंतर, बाळंतपणानंतर, यात्रेला निघताना किंवा नुसते पाणी ओलांडतानाही नाणे वाहण्याची रीत मराठी आणि कन्नड या दोन्ही समाजांत आहे. अशी नाणी बहुधा घाटापासून हाताच्या फेकीएवढ्या अंतरात सापडतात आणि ती हलक्या किमतीची असतात.

दुसरा मार्ग निष्काळजीपणाचा. धुण्याच्या दगडावर कपडा आपटताना खिशातला किंवा कनवटीचा पैसा निसटतो, बटणाची कडी तुटते, मुलाच्या पायातला वाळा गळतो. धुण्याच्या घाटापाशी बटणे मोठ्या संख्येने मिळतात ती यामुळेच.

तिसरा मार्ग भीतीचा. लढाई, लूट किंवा जप्ती यांच्या धास्तीने हंड्यात भरलेला ऐवज विहिरीत सोडला किंवा तळ्याकाठी पुरला जाई. एका जागी, एकाच काळातील, बरीच नाणी भांड्यासह मिळाली तर हा मार्ग संभवतो. तसा शोध लागला की प्रकरण छंदाच्या पलीकडे जाते आणि कायद्याच्या कक्षेत येते.

धातू आणि छाप यांवरून काळ

नाण्यावरची अक्षरे झिजून गेली असली तरी धातू आणि घडण यांवरून काळाचा अंदाज करता येतो. जाड, ओबडधोबड तांब्याचे नाणे असेल आणि त्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीकडे ‘छत्रपति’ या अक्षरांचे तुकडे दिसत असतील तर ती शिवराई. शिवकाळात सुरू झालेले हे नाणे पुढे पेशवाईत अनेक टाकसाळींत पडत राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होते. त्यामुळे नुसती शिवराई मिळाली म्हणून ती जागा शिवकालीन ठरत नाही.

हत्तीचे चित्र असलेला तांब्याचा पैसा म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या राज्यातला. धारवाड काही वर्षे त्याच्या ताब्यात होते. टिपूने गावांची नावे बदलली तेव्हा धारवाडला ‘खुर्शीद-सवाद’ हे नाव मिळाले आणि त्याच्या टाकसाळींच्या यादीत ते याच नावाने येते. परशुरामभाऊ पटवर्धनांचे मराठी सैन्य आणि कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी यांनी अनेक महिने वेढा घातल्यावर १७९१ च्या एप्रिलमध्ये धारवाडचा किल्ला पडला. या परिसरात शिशाची गोळी मिळाली तर त्या वेढ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र गोळीचा काळ ती कोणत्या थरात सापडली यावरूनच निश्चित होऊ शकतो.

१८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सर्व इलाख्यांसाठी एकच नाणेपद्धती आणली. तिचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि हेच वजन पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकले. कंगोऱ्यांच्या कडेचा एक आणा १९०७ पासूनचा. मधोमध भोक असलेला पैसा दुसऱ्या महायुद्धातील धातुटंचाईत आला. तो १९४३ ते १९४७ या काळातला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येऊन नवा पैसा अवतरला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून लहान नाणी ॲल्युमिनियमची झाली. एखाद्या थरात ॲल्युमिनियमचे नाणे मिळाले तर तो थर त्या दशकाच्या मध्याआधी साचलेला असू शकत नाही. पुरातत्त्वज्ञाला नाणे मौल्यवान वाटते ते या उपयोगामुळे. नाणे हे थराला लावलेले दिनांकाचे लेबलच असते.

बटणांची भाषा

बाजारात बटणाला किंमत नाही म्हणून सापडलेले बटण बहुधा फेकून दिले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ते नाण्याइतकेच बोलके असते. नाणे हातोहात दूरवर फिरते आणि शंभर वर्षेही चालते. गणवेशाचे बटण मात्र ठरावीक माणसाच्या अंगावर, ठरावीक नोकरीच्या काळातच असते.

धारवाडमध्ये याचे चांगले उदाहरण रेल्वेचे आहे. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय धारवाडात होते. १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीज हद्दीतील मार्ग तिच्या जाळ्याला जोडला गेला आणि गोवा धारवाडशी रेल्वेने जोडला गेला. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली व कारभार मद्रासला गेला. धारवाडातील मुख्यालयाच्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले. १४ एप्रिल १९५१ रोजी ही कंपनी दक्षिण रेल्वेत विलीन झाली. त्या काळी रेल्वे कंपन्यांच्या गणवेशाच्या बटणांवर कंपनीची आद्याक्षरे उठवलेली असत. म्हणून स्थानकाजवळच्या मळमड्डीसारख्या वस्तीत अशा आद्याक्षरांचे बटण मिळाले तर १९०८ पूर्वीचे कोणते आणि १९०८ ते १९५१ या काळातले कोणते, हे केवळ अक्षरांवरून सांगता येते.

सैन्याच्या आणि पोलिसांच्या बटणांवरचा राजमुकुटही असाच काळ सांगतो. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला आणि तिच्यानंतरच्या राजांच्या काळातला मुकुट यांच्या कमानींचा आकार वेगळा आहे. बटणाच्या पाठीवर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या कारखानदाराचे नाव कोरलेले असल्यास काळ आणखी नेमका होतो. म्हणून बटण मिळाल्यावर प्रथम त्याची पाठ पाहावी.

वस्तूइतकीच जागा मोलाची

तळ्यात दरवर्षी गाळाचा नवा थर बसतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर शाबूत असतील तर तळे म्हणजे गावाचे साठवलेले दप्तर असते. कोणत्या साली दुष्काळ पडला, काठावर कोणती पिके होती, लोक कोणती भांडी वापरत, हे त्यातील परागकण, राख आणि खापरे यांवरून समजते. यंत्राचा नाद ऐकून घाईने खड्डा खणला की नाणे हाती येते, पण हे थर एकमेकांत मिसळतात. मग ते नाणे कुठले, हे पुन्हा कधीच ठरवता येत नाही.

काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वरच्या वस्तू त्यांत घसरतात आणि पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात. त्यामुळे नवी वस्तू जुन्या थरात जाऊन बसू शकते. एकट्या नाण्यावर विसंबून काळ ठरवणे अशा जमिनीत धोक्याचे असते. शेजारी काय मिळाले, भेग होती का, ही नोंद तेथे अधिकच आवश्यक ठरते.

नोंदीमुळे काय साधते याचे उदाहरण कोल्हापुरात आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ब्राँझच्या वस्तूंचा संचय मिळाला आणि त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे थरांनुसार उत्खनन केले. त्यातून सातवाहनकालीन वस्तीचे चित्र उभे राहिले आणि ती मूर्ती केवळ शोभेची वस्तू न राहता दख्खनच्या रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा पुरावा ठरली. त्याच शहरात अंबाबाईच्या मंदिरातील बुजवलेले मणिकर्णिका कुंड अलीकडे पुन्हा खुले करताना नाण्यांसह अनेक जुन्या वस्तू गाळातून निघाल्या. भाविकांनी वाहिलेले आणि हातून निसटलेले, दोन्ही त्यात एकत्र होते.

थरांना सर्वांत मोठा धोका मात्र छांदिष्टांच्या यंत्रापेक्षा जेसीबीचा आहे. दुष्काळी वर्षांत तळ्यांचा गाळ उपसून शेतात टाकला जातो. पाणी साठावे आणि शेत सुपीक व्हावे यासाठी ते काम आवश्यकच आहे. परंतु त्या गाळाबरोबर शेकडो वर्षांचे थर काही दिवसांत डंपरमध्ये भरले जातात. शाबूत तळात यंत्र लावून खणणे आणि आधीच उपसलेल्या ढिगातून वस्तू वेचणे यांत म्हणूनच फरक केला पाहिजे. पहिल्याने पुरावा नष्ट होतो. दुसऱ्याने, तो कोणत्या तळ्याच्या कोणत्या भागातील ढीग आहे याची नोंद ठेवली आणि वस्तू अधिकाऱ्यांच्या नजरेस आणली, तर नष्ट झालेल्यातला काही अंश वाचतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून चालणाऱ्या नोंदणी योजनेचे तत्त्व हेच आहे. सापडलेली वस्तू आणि तिचे नेमके ठिकाण सरकारी तज्ज्ञाकडे नोंदवले जाते, मग नियमानुसार वस्तू सापडणाऱ्याकडे राहो वा संग्रहालयात जावो.

कायदा काय सांगतो

‘ज्याला सापडले त्याचे’ हा समज भारतीय कायद्याला मान्य नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने ती काय आहे, तिची अंदाजे किंमत, ठिकाण आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा ती हजर करण्याची हमी द्यावी लागते. चौकशीनंतर निधी बेवारस ठरला आणि जमिनीच्या मालकाचा हक्क निर्विवाद असेल, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला आणि उरलेला मालकाला मिळतो. सरकारला निधी हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन तो घेता येतो. शोध लपवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कर्नाटकात १९६२ चा स्वतंत्र निखात निधी अधिनियम आहे. शोधाची माहिती शासनाला देणे हा त्याचाही गाभा आहे.

याखेरीज १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित स्थळी परवान्याविना खणण्यास मनाई केली आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित आहे. उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिरासारख्या प्राचीन वास्तूंच्या आसपास यंत्र बाहेर काढण्याआधी हे पाहणे अगत्याचे आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. शिवाय तळ्याचे पात्र बहुधा सरकार, महापालिका किंवा पंचायत यांच्या मालकीचे असते. तेथे खणायला त्यांची अनुमती लागते. चिखलात एकटे पडलेले नाणे ‘दडलेला निधी’ ठरते की नाही, याचा निर्णय अधिकाऱ्याने करायचा असतो, सापडणाऱ्याने नव्हे.

काही सापडल्यास

पहिली गोष्ट, वस्तू उचलण्याआधी तिचे जागेवरच छायाचित्र घ्यावे. शेजारी पट्टी किंवा चालू नाणे ठेवले म्हणजे आकार कळतो. घाट, झाड, बांध अशा न हलणाऱ्या खुणेपासूनचे अंतर आणि पृष्ठभागापासूनची खोली लिहून ठेवावी. भ्रमणध्वनीवर स्थान नोंदवता येते.

दुसरी गोष्ट, नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेले नाणे संग्राहकाच्या आणि अभ्यासकाच्याही दृष्टीने निम्मे मेलेले असते. तळ्याच्या गाळात हवा पोचत नसल्याने चांदीवर काळा आणि तांब्यावर काळपट-हिरवा थर चढतो. हा थर अक्षरांचे रक्षण करतो. स्वच्छ पाण्याने हलकेच चिखल काढून, सावलीत सुकवून प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावी. तांब्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागल्यास ते वाढणारे क्षरण असते. अशी वस्तू इतरांपासून बाजूला ठेवून जाणकाराला दाखवावी.

तिसरी गोष्ट, योग्य ठिकाणी कळवावे. धारवाडमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडल कार्यालय आहे. कर्नाटक विद्यापीठातील कन्नड संशोधन संस्थेलाही पुरावस्तूंच्या संग्रहाची दीर्घ परंपरा आहे. नाणेशास्त्रासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील संशोधन संस्था प्रसिद्ध आहे.

शेवटची सूचना जिवाच्या सुरक्षिततेची. आटलेल्या तळ्याचा चिखल वरून वाळून कडक दिसतो, पण खाली ओला असतो आणि माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो. एकट्याने आत जाऊ नये. शहरातील तळ्यांत सांडपाणी, फुटक्या काचा आणि मूर्तींच्या रंगांचे अवशेष असतात. हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट आवश्यक आहेत.

गोमंतकातही तीच परीक्षा

पाणी ओसरल्यावर गाव दिसण्याचा अनुभव गोव्यालाही आहे. सांगे तालुक्यातील साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. दर उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की तेथील घरांची जोती, विहिरी आणि वाटा वर येतात आणि विस्थापित कुटुंबे एकत्र जमतात. धरण भरण्यापूर्वी तेथील कदंबकालीन महादेव मंदिर दगड-दगड उतरवून दुसरीकडे उभारले गेले आणि मातृदेवीची प्राचीन मूर्ती वेर्णे येथे नेण्यात आली. जे हलवता आले नाही ते गाळात आहे, आणि तेथे मिळणारे एखादे नाणे किंवा बटण कुणाच्या तरी अंगणातले आहे. २०२३ साली सत्तरीतील नानोडा येथे एका शेतकऱ्याला तांब्याची ८३२ नाणी सापडली आणि ती पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन झाली. ती एकत्र राहिली म्हणूनच त्यांचा संचय म्हणून अभ्यास होऊ शकतो. हातोहात वाटली गेली असती तर उरली असती ती ८३२ सुटी तांब्याची चकत्या.

मळमड्डी असो वा कुर्डी, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर तळ पुन्हा झाकला जातो. गाळात राहिलेले नाणे तेथे सुरक्षित असते, आणि नोंदीसह वर आलेलेही सुरक्षित असते. हरवते ते नोंदीविना खिशात गेलेले नाणे.